वाचकांचे प्रश्न : घरातल्या स्टुडिओचे टेबल

प्रश्न : मी एकांकिका आणि बालनाट्यांना पार्श्वसंगीत देतो. आजवर सगळे काम जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून केले. आता फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची एक खोली त्यासाठी मोकळी झाली आहे. माझ्याकडे लॅपटॉप, एक मोठा स्क्रीन, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी), ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधले सूर वाजवणारा) आणि पाच इंची मॉनिटर स्पीकरची, म्हणजे कामासाठी आवाज जसाच्या तसा ऐकवणाऱ्या स्पीकरची, जोडी आहे. सुताराने पाच फूट लांब, अडीच फूट खोल, वर स्पीकरसाठी दोन बंदिस्त कप्पे आणि काचेचा टॉप असे टेबल सुचवले आहे. तयार स्टुडिओ-टेबले फार महाग वाटतात. सुताराकडून करून घ्यावे का, आणि मापे काय ठेवावीत?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सुताराकडून अवश्य करून घ्या, पण हा आराखडा बाजूला ठेवा. तो ऑफिसच्या टेबलाचा आराखडा आहे, आणि त्यात ऐकण्याचा विचार कुठेच झालेला नाही. संगीताच्या कामात टेबल म्हणजे स्पीकर आणि कान यांच्या मधोमध ठेवलेला एक मोठा कठीण पृष्ठभाग असतो आणि आपण जे ऐकतो त्यात तो ढवळाढवळ करतो. म्हणून आधी आपली बसण्याची जागा ठरवावी, मग स्पीकरची, आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढेच टेबल करावे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो, आणि मग वर्षानुवर्षे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा तोल साधणे, बिघडण्याचे खापर स्पीकरवर फोडले जाते.

आपली खोली साधारण ३.०५ बाय ३.६६ मीटर आहे. टेबल दहा फुटी भिंतीकडे तोंड करून ठेवावे, म्हणजे स्पीकरचा आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल आणि मागची भिंत पाठीपासून शक्य तितकी दूर राहील. डावी आणि उजवी भिंत सारख्या अंतरावर असू द्या. एका बाजूला कपड्यांचे कपाट आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीची काच अशी मांडणी असेल, तर दोन्ही कानांना दोन वेगळ्या खोल्या ऐकू येतील. अशा वेळी काचेवर जाड पडदा हवाच. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नये. ३.६६ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपने) एक स्थिर लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणारी लहर, तयार होते, तिचा दाब मध्यावर जवळजवळ शून्य असतो, आणि तिथे बसणाऱ्याला खर्ज कमी ऐकू येऊन तो नकळत वाढवला जातो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान असावेत, असा एक ठोकताळा ध्वनिकाम करणारे वापरतात. आपल्या खोलीत ते अंतर सुमारे १३९ सेंटीमीटर येते. तिथून सुरुवात करावी आणि ओळखीची गाणी ऐकत खुर्ची थोडी पुढेमागे सरकवून पाहावी.

आता स्पीकर. दोन स्पीकर आणि आपले डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर यावा, हे आपण वाचले असेलच. स्पीकर भिंतीपासून किती दूर असावेत याकडे मात्र कमी लक्ष दिले जाते. स्पीकरच्या मागे पसरलेला खालचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि स्पीकरच्या दर्शनी बाजूपासून भिंतीपर्यंतचे अंतर ज्या स्वराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते, तो स्वर पुढून जाणाऱ्या आवाजाशी भांडून कमकुवत होतो. हे अंतर ६० सेंटीमीटर ठेवले तर आवाजातला हा खड्डा सुमारे १४३ हर्ट्झला पडतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या मध्य षड्जाच्या अगदी शेजारी. तेच अंतर ३० ते ३२ सेंटीमीटर ठेवले तर खड्डा २७० ते २९० हर्ट्झपर्यंत वर सरकतो, आणि स्पीकरमागे १० सेंटीमीटर जाडीचे रॉकवूल (दगडी तंतूंचे आवाज शोषणारे जाड थर) कापडात गुंडाळून लावले, तर तो बऱ्याच अंशी भरून निघतो. १४३ हर्ट्झला आवरायला तेवढे रॉकवूल पुरत नाही. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीलगत ठेवणे चांगले; मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर करणारे भोक, असेल तर श्वास घेण्यापुरती जागा सोडावी. दोन स्पीकरमध्ये ११५ ते १२० सेंटीमीटर अंतर ठेवले की त्रिकोणाचे टोक आपोआप भिंतीपासून १३५ सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे वरच्या ठोकताळ्याशी जुळते.

टेबलावर ठेवलेल्या स्पीकरचे काय होते ते आकड्यांत पाहू. ट्वीटर टेबलापासून २० सेंटीमीटर वर, कान ४० सेंटीमीटर वर आणि दोघांमध्ये आडवे अंतर एक मीटर, असे धरा. सरळ येणाऱ्या आवाजापेक्षा टेबलावर आपटून येणारा आवाज साडेचौदा सेंटीमीटर जास्त चालतो, आणि त्यामुळे सुमारे ११७० हर्ट्झला आणि पुन्हा ३५०० हर्ट्झच्या जवळ आवाज खचतो. संवादांचे शब्द स्पष्ट कळतात ते याच कंपनांच्या पट्ट्यात. नाटकाच्या पार्श्वसंगीतात संवादांखाली संगीत किती ठेवायचे हाच रोजचा निर्णय असताना, नेमके तिथेच कान फसत असतील तर नाट्यगृहात गेल्यावर सगळे हिशेब चुकतात.

यावर टेबलक्लॉथ अंथरणे हा उपाय नाही. पातळ कापड फक्त अगदी वरचा आवाज शोषते. लाकडाऐवजी काच किंवा काचेऐवजी लाकूड घेऊनही हे परावर्तन टळत नाही, कारण या पट्ट्यात दोन्ही सारखेच परतवतात. काच मी तरीही नको म्हणेन, कारण ती थरथरते आणि वायरी, पेन्सिली, मोबाइल असे तिच्यावरचे सगळे वाजू लागते. सनमायका चकचकीत घ्यावा की मॅट, याचा संबंध आवाजाशी नसून डोळ्यांशी आहे; मॅट घ्यावा. खरा उपाय असा की टेबल कमी खोल करावे आणि स्पीकर त्याच्यावरून उतरवून मागे स्वतंत्र स्टँडवर न्यावेत. परावर्तन पूर्ण जात नाही, पण ट्वीटर वर गेल्याने ते अधिक तिरक्या कोनातून येते आणि क्षीण होते. शिवाय स्पीकरची थरथर टेबलात उतरत नाही. सुताराने सुचवलेले वरचे बंदिस्त कप्पे तर नकोतच. खोक्यात बसवलेला स्पीकर त्या खोक्यासकट वाजतो.

तेव्हा टेबल १४० ते १५० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर खोल पुरे. त्याची मागची कड भिंतीपासून ४० ते ४५ सेंटीमीटर पुढे असावी. मधल्या जागेत स्टँड उभे राहतील आणि आपला हातही वायरींपर्यंत पोहोचेल. भिंतीला चिकटलेल्या टेबलामागची एक पिन बदलायला रात्री अकरा वाजता लॅपटॉपसकट सगळे उचलावे लागते, तेव्हा या मोकळ्या जागेची किंमत कळते.

उंचीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो कीबोर्डमुळे येतो. घरातले टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असते. त्यावर कीबोर्ड ठेवला तर पट्ट्या ८३-८४ सेंटीमीटरवर जातात, खांदे उचलले जातात आणि तासाभरात मान धरते. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७२ ते ७४ सेंटीमीटरवर असतात. म्हणून कीबोर्डसाठी बाहेर ओढता येणारा ट्रे करावा. आपल्या खुर्चीत बसून मांडीचा वरचा भाग जमिनीपासून किती उंच येतो ते मोजा आणि त्यात तीन-चार सेंटीमीटर मिळवा. ट्रेचा तळ तिथे यावा. तो ६१-६२ सेंटीमीटरवर आला, तर १९ मिलिमीटरचा प्लाय आणि आठ-नऊ सेंटीमीटरचा कीबोर्ड धरून पट्ट्या ७१ ते ७३ सेंटीमीटरवर येतात. वाजवताना ट्रे बाहेर असल्यामुळे वर हाताला जागा सोडण्याची गरज नाही, फक्त नॉब टेबलाला घासणार नाहीत इतकी फट हवी. तरीही टेबलाचा वरचा पृष्ठभाग ७७-७८ सेंटीमीटरवर जातो, आणि लॅपटॉपवर टाइप करायला तो किंचित उंच पडतो. दोन्ही मापे एकाच वेळी आदर्श होत नाहीत. आपण रचनाकार आहात, तेव्हा माप वाजवणाऱ्या हाताचे ठेवा, खुर्ची थोडी वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

एक मीटर लांबीच्या ट्रेला चांगल्या प्रतीचे टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवरला असतात तशा सरकत्या धातूच्या पट्ट्या) लावावेत. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड ते सहज पेलतात. पुढे ८८ पट्ट्यांचा, पियानोसारख्या जड पट्ट्यांचा कीबोर्ड घेण्याचा विचार असेल तर तो चॅनेलवर ठेवू नये. त्याचे वजन आणि वाजवण्याचा दाब दोन्ही जास्त असतात, आणि ट्रे पुढून झुकतो. त्याला वेगळा स्टँडच हवा.

लाकडाविषयी थोडक्यात. पार्टिकल बोर्ड टाळावा. एकदा खोललेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही आणि लांब टॉप मध्ये झुकतो. १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय घ्यावा, आणि दीड मीटरच्या टॉपखाली मागच्या कडेने तीन इंची पट्टी उभी मारून घ्यावी. सगळे सांधे फेव्हिकोलने कायमचे चिकटवू देऊ नका. पाय आणि टॉप नट-बोल्टने जोडले तर घर बदलताना टेबल लिफ्टमध्ये मावते. रॅकमध्ये (एकावर एक उपकरणे स्क्रूने बसवण्याच्या चौकटीत) बसणारी उपकरणे आज नसली तरी एका बाजूला ४९ सेंटीमीटर मोकळ्या रुंदीचा कप्पा ठेवावा. प्रमाणित उपकरण १९ इंच, म्हणजे ४८.२६ सेंटीमीटर रुंद असते आणि प्रत्येक युनिटला ४४.४५ मिलिमीटर उंची लागते.

टेबल जागेवर आले की दोन गोष्टी करा. आपण खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथे रॉकवूलचे पॅनेल लावा. मग मध्यम आवाजात ४० पासून ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर स्पीकरवर लावा आणि कान टेबलाजवळ न्या. कुठल्या तरी क्षणी ट्रेचा चॅनेल खुळखुळेल, ड्रॉवरची मूठ झणझणेल किंवा स्क्रीनचा पाय गुणगुणेल. तिथे फेल्टचा तुकडा लावा आणि सूर पुन्हा सुरुवातीपासून चढवा.

प्रश्न : आमचे भजनी मंडळ आहे. मी हार्मोनियम वाजवतो आणि घरीच ध्वनिमुद्रण करतो. खुर्चीवर बसून मला वाजवता येत नाही. जमिनीवर मांडी घालून बसण्यासाठी टेबल करता येईल का? आमच्याकडे दमटपणा फार आहे.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : करता येईल, आणि आपल्या संगीताला तीच बैठक शोभते. खुर्चीची सवय लावून घेण्याची काही गरज नाही. मांडी घातल्यावर गुडघ्यांची उंची मोजा. टेबलाचा तळ त्याच्या दोन बोटे वर, म्हणजे साधारण २५ ते २७ सेंटीमीटरवर यावा. टेबल पुढून मागे ४० ते ४५ सेंटीमीटर खोल पुरे, कारण त्यावर लॅपटॉप आणि इंटरफेस एवढेच राहायचे आहे. कान ७० ते ७५ सेंटीमीटरवर येतात, म्हणून स्पीकरला बुटके, जड स्टँड करून घ्यावेत.

या बैठकीत टेबलापेक्षा जमीन जास्त त्रास देते. कान आणि ट्वीटर दोन्ही ७० सेंटीमीटरवर आणि मध्ये एक मीटर अंतर असेल, तर लादीवरून येणाऱ्या परावर्तनाने सुमारे २४० हर्ट्झला आवाज खचतो. सतरंजीने तो सावरत नाही. टेबल आणि स्पीकर यांच्यामध्ये कापसाची जाड गादी अंथरली तर फरक पडतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र टेबल हार्मोनियमच्या पुढून पूर्णपणे बाजूला सरकवा, कारण त्याचा पृष्ठभाग माइकमध्येही आवाज परतवतो आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर अभंगाच्या शांत जागी उघडी पडते. म्हणूनच हे टेबल एका हाताने उचलता येईल इतके हलके असावे.

दमट हवेत एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) घेऊ नये; कडेने पाणी पिऊन तो फुगतो. बीडब्ल्यूआर किंवा मरीन प्लाय घ्या, आणि कापलेल्या सगळ्या कडा, खालच्यासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्या. लादी पुसताना पाणी पायांना लागते, तेव्हा पायांखाली नायलॉनचे बूट हवेत. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

प्रश्न : नव्या टेबलावर सगळी मांडणी केल्यापासून स्पीकरमधून सतत हलकी गुणगुण येते. लोखंडी सांगाड्यामुळे असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सांगाड्यावर संशय घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर दोष टेबलाचा नाही. वेगवेगळ्या सॉकेटांतून आलेल्या अर्थिंगचे वेटोळे झाले आहे, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचा तोच सूर ऐकू येतो. इंटरफेस, स्पीकर आणि लॅपटॉप एकाच सॉकेटमधून निघालेल्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल, म्हणजे बाहेरून शिरणारी गुणगुण रद्द करणारी वायर, वापरा. टेबलाखाली विजेच्या वायरी एका बाजूने आणि ध्वनीच्या दुसऱ्या बाजूने न्या. जिथे एकमेकींना ओलांडायचेच असेल, तिथे काटकोनात ओलांडू द्या. गुणगुण जाते म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ते कधीही करू नये, लोखंडी सांगाडा असताना तर मुळीच नाही, कारण दोष आला की वीज त्या सांगाड्यातच उतरते. एवढे करूनही आवाज राहिला तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर मिक्सिंग हेडफोनवर करा.