'जलमार्ग झाला' म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न असा आहे: 'देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले' असे भाषणांत ऐकू येते. हे 'झाले' मराठीला धरून आहे का, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा?

व्याकरणाने चूक काहीच नाही. गोम 'होणे' या क्रियापदातच आहे. 'रस्ता झाला' म्हटले की खडी-डांबर पडून गाड्या धावू लागल्या असे आपण समजतो. 'तालुका झाला' म्हटले की कागदोपत्री दर्जा मिळाला, इतकेच. राष्ट्रीय जलमार्ग होतो तो तालुक्यासारखा. व्यासपीठावरून तो रस्त्यासारखा ऐकवला जातो.

राज्यघटनेच्या केंद्रसूचीतली (केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीतली) २४वी नोंद पाहा. संसदेने कायद्याने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेल्या अंतर्देशीय जलमार्गांवरची यंत्रचलित नौकांची वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. घोषणेने बदलतो तो अधिकार. नदीत पाणी किती, गाळ किती, धक्का कुठे, याच्याशी तिचा संबंध नाही. २०१६च्या कायद्याने आधीच्या ५ मार्गांत १०६ची भर घातली, तीही याच अर्थाने.

या १०६ मार्गांत आपली मांजरा आहे, तेलंगणातल्या सिंगूर धरणापासून गोदावरीच्या संगमापर्यंत. कायदा अमलात आला १२ एप्रिल २०१६ला. त्याच दिवशी, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, लातुरात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोचली! उलट रायगडातल्या अंबा नदीचे. तिथल्या धरमतरला मालाचे बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) या कायद्याच्या कितीतरी आधीपासून ये-जा करत होते, तरी तिथेही राष्ट्रीय जलमार्ग 'झाला' तो २०१६ सालीच. दोन्हींना एकच क्रियापद लागते, मग ते वाहतुकीबद्दल काय सांगणार?

म्हणून 'जाहीर झाला' आणि 'सुरू झाला' हे वेगळे ठेवावेत. हल्दिया ते अलाहाबाद हा गंगेवरचा १,६२० किलोमीटरचा मार्ग जाहीर झाला १९८६मध्ये. वाराणसीच्या मालवाहू टर्मिनलचे उद्घाटन झाले नोव्हेंबर २०१८मध्ये. आणि 'तयार झाला' तर मी गाळाच्या नदीबद्दल सहसा लिहिणारच नाही. एका पावसाळ्यात पात्र सरकते, उपसलेला गाळ पुन्हा येऊन बसतो, बोयांच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) जागा बदलाव्या लागतात. तिथे 'खोली राखली जाते' हा साधा वर्तमानकाळ योग्य, अर्थात खरोखर राखली जात असेल तर.

'जलमहामार्ग' हा शब्द मला भाषणातही नको वाटतो. बातमीत तर अवतरणचिन्हांतच ठेवावा.