पैलतीर गाठल्यावरही पळायचं का?

प्रश्न : अमेरिकेत गुलामगिरी असलेल्या केंटकी राज्यातून ओहायो नदी ओलांडली की गुलाम गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यात पोचत, असं वाचलं. मग त्यांना नावेतून पार आणणारा जॉन पार्कर त्यांना पलीकडच्या काठावरच्या रिप्ली गावातच ठेवून न घेता रातोरात पुढे का धाडत असे?

उत्तर : ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण पळून आलेल्याला धरून नेण्याची मुभा मालकाला तिथेही होती. पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५०च्या कायद्याने तर कहर केला. आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड, वर सहा महिन्यांपर्यंत कैद! म्हणून नदीकाठी थांबायचंच नाही. एका घरून दुसऱ्या घरी, जमलं तर थेट कॅनडा.

पार्करला हे कुणी शिकवायला नको होतं. तो आठव्या वर्षी विकला गेला. साखळीने एका म्हाताऱ्याला जखडून त्याला पायी नेलं. पुढे दक्षिणेतल्या मोबील शहरात ओतकाम शिकला आणि १८४५ मध्ये १,८०० डॉलर हप्त्याहप्त्याने फेडून त्याने स्वतःला विकत घेतलं. (‘स्वतःला विकत घेतलं’ हे लिहिताना माझा हात दर वेळी अडखळतो.) मग रिप्लीत ओतकामाचा कारखाना काढला. दिवसा लोखंड, रात्री वल्ही.

त्याने उतारवयात एका पत्रकाराला सांगितलेली एक रात्र मला विसरता येत नाही. पाठलाग करणारे मागावर, नाव लहान, सगळे मावेनात. दोन पुरुष काठावरच राहिले. त्यातल्या एकाची बायको नावेत होती, तिने आकांत मांडला. तेव्हा नावेतला एक एकटा गडी काही न बोलता उठला, खाली उतरला आणि तिच्या नवऱ्याला जागा दिली. पार्कर वल्ही मारत निघाला. मागे काठावर आरडाओरडा ऐकू आला, त्यावरून त्याला कळलं की तो गडी सापडला.

त्या माणसाचं नाव काय, असं तुम्ही विचाराल. पार्कर वही ठेवत असे. कोण, कधी, कसे आले, सगळं त्यात. त्याने मदत केलेल्यांचा आकडा ३१५ वर गेला होता. पण नवा कायदा आल्यावर तीच वही त्याच्याविरुद्ध पुरावा ठरली असती. घर, कारखाना, सगळंच गेलं असतं. त्याने ती आपल्याच भट्टीत टाकली.