फरसाणाचं दुकान काढताय? आधी एवढंच बघा

ताई, अभिनंदन! परवान्यांची यादी पाहून घाबरू नका, सुरुवातीला तीनच कामं.

आधी जागा. भाडेकरार दुकानाच्या नावाशी आणि पत्त्याशी तंतोतंत जुळायला हवा. बरेच नवखे अन्न नोंदणी घराच्या पत्त्यावर काढतात आणि दुकान भलतीकडेच थाटतात. नोंदणी जागेला असते. दुसरी शाखा म्हणजे दुसरी नोंदणी.

मग एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडची नोंदणी. त्यांच्याच फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो, एजंटाला हजारो रुपये मोजायची गरज नाही. छोट्या धंद्याला साधी नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना. 2011 च्या मूळ नियमांत ही रेषा वार्षिक 12 लाखांच्या उलाढालीवर होती; आजची मर्यादा पोर्टलवर बघूनच अर्ज भरा. नोंदणीचा 14 आकडी क्रमांक मिळेपर्यंत पिशव्या-लेबलं छापू नका! हौसेनं आधीच छापलेला ढीग मग रद्दीत जातो. तो क्रमांक बिलावरही लागतो, 2022 पासून.

तिसरं, गुमास्ता, म्हणजे दुकान कायद्याखालची नोंद. कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं; 2017 च्या मूळ कायद्यात ही रेषा दहा कामगारांची होती, आजची बघून घ्या. महापालिकेचा आरोग्य परवाना मात्र गावागणिक वेगळा, वॉर्ड ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. शेजारच्या दुकानदाराच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

सुटं विकणार असाल तर काट्यावर वैधमापन (वजनं-मापं तपासणाऱ्या) खात्याचा शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर दरवर्षी. हे हमखास विसरतात.

जीएसटीचं नंतर बघू. तळणाला गॅस सिलिंडर किती ठेवणार, तेवढं मात्र कळवा.