‘फेरोप्टोसिस’ला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: जठर-आतड्यांच्या कर्करोगावरची हिंदी पुस्तिका मराठीत आणतेय, फेरोप्टोसिसला (पेशी मरण्याचा एक प्रकार) ‘लौहमृत्यु’ चालेल का?

‘लौह’ हिंदीतलं, आपल्या इंदुरी बोलण्यात ते सहज शिरतं; मराठीत लोह. पण ‘लोहमृत्यू’ही नको. वाचणाऱ्याला वाटेल, लोह कमी पडून पेशी मेली. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्त झिरपून लोह कमी होणं नेहमीचंच, म्हणजे गैरसमज पक्का.

इथे घडतं ते उलट. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, बहुअसंतृप्त मेदाम्लं (मेदाचे घटक) असतात. पेशीतलं मोकळं लोह पेरॉक्साइडशी भिडलं की त्या मेदाचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, एका रेणूवरून दुसऱ्यावर पसरतं आणि शेवटी पटल फाटतं. एरवी जीपीएक्स-४ हे विकर (एन्झाइम) ते आवरतं. त्याला ग्लुटाथायोन हा पेशीतला संरक्षक रेणू लागतो आणि तो घडवायला बाहेरून सिस्टिन हे अमिनो आम्ल. ही आवक तोडली की पेशी कोसळते; आतड्याच्या दाहावर देतात ते सल्फासॅलाझिन प्रयोगशाळेत हीच आवक अडवतं. उलट लोह बांधून ठेवणारं डिफेरॉक्झामिन घातलं तर पेशी तगते. थोडक्यात, लोहाशिवाय हे होत नाही, पण घाव ऑक्सिडीकरणाचा. म्हणून ‘लोहजन्य’ही अपुरं. ‘लोहावलंबी पेशीमृत्यू’ म्हणा.

मूळ शब्द २०१२ सालचा, डिक्सन आणि स्टॉकवेल या शास्त्रज्ञांच्या गटाचा: लॅटिन फेरम म्हणजे लोह, ग्रीक प्टोसिस म्हणजे गळून पडणं. त्यावरून ‘लोहगळती’ करायचा मोह होईल. करू नका, अंगातलं लोह वाहून चाललंय असाच अर्थ लागेल.

पहिल्यांदा ‘फेरोप्टोसिस, म्हणजे लोहावलंबी पेशीमृत्यू’ असं लिहून पुढे नुसतं फेरोप्टोसिस ठेवा. डॉक्टरांच्या तोंडी तेच येणार. कोशिकेची पेशी करा, झिल्लीचं पटल, आमाशयाचं जठर. ‘वसा’ मात्र आठवणीने बदला. हिंदीत ती चरबी, आपल्याकडे व्रताचा वसा! तिथे मेद हवा. आणि एक वाक्य जरूर घाला: ‘या मार्गाने कर्करोगाच्या पेशी मारण्याचे उपाय अजून संशोधनात आहेत, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू वा बंद करू नका.’

शुद्धलेखनाचं: ‘पेशीमृत्यू’त त्यू दीर्घ, ‘मृत्युमार्ग’ लिहिताना ऱ्हस्व.