बोलीभाषांच्या नादाला लागताय? उत्तम!

ग्रिअर्सन या इंग्रज अमलातल्या भाषा-सर्वेक्षकाचा मराठीवरचा खंड १९०५ चा आहे, तो कुठे पळत नाही. ध्वनिलिपी, म्हणजे उच्चार नेमके टिपायची चिन्हं, तीही नंतर. आधी आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऐका.

मग स्वतः बोली टिपायला निघालात, की नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- सदाशिवपेठी मराठी मूळ आणि बाकीच्या बिघडलेल्या, असं धरून चालणं. अहो, प्रमाण मराठी हीही एक बोलीच. शाळेचं नि छापखान्याचं बळ मिळालेली.
- ‘तुमच्याकडे कसं बोलतात?’ असं थेट विचारणं. समोरचा लगेच पुस्तकी बोलतो. त्यापेक्षा लग्नाची, दुष्काळाची हकिकत सांगायला लावा. कोल्हापूरकडच्या बाईंचं ‘मी जातो’ तेव्हाच कानावर पडेल.
- नुसता जिल्हा लिहिणं. गाव, वय आणि बायकांचं माहेरही टिपा. बोलण्यात माहेर हटकून राहतं!

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या.