घर मुलाच्या नावावर, राहण्याचा हक्क आपला

प्रश्न : माझे वय ७४, पत्नीचे ७०. राहते घर स्वकमाईचे असून माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पुढे भावंडांत वाद नकोत म्हणून ते आत्ताच बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करण्याचा विचार चालू आहे. ‘तुम्ही दोघे इथेच राहणार आहात’, असे तो मनापासून सांगतो. बक्षीसपत्रात हयातीचा हक्क राखून ठेवता येतो असे ऐकले. त्याने आम्ही कितपत सुरक्षित राहू?

उत्तर : मुलावर आपला विश्वास आहे, ही मोठी गोष्ट आहे, तरीही त्याने तोंडी दिलेला शब्द दस्तात उतरलाच पाहिजे, कारण दोन साक्षीदारांच्या सह्यांनी नोंदणीकृत झालेले आणि मुलाने स्वीकारलेले बक्षीसपत्र नंतर केवळ मन बदलले म्हणून रद्द करता येत नाही. मालकी मुलाला देऊन राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क तहहयात स्वतःकडे ठेवता येतो, आणि ताबा दिला नाही म्हणून असे बक्षीसपत्र अवैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्यानंतर उपचारांसाठी पैसे लागले, तरी मुलाच्या सहीवाचून आपल्याला पूर्ण घर विकता येणार नाही. मुलाने आपला मालकी हक्क विकला किंवा गहाण ठेवला, तर घेणाऱ्याला तो आपल्या हयातीच्या हक्कासह घ्यावा लागतो.

आपल्या पत्रात मला सर्वांत काळजीची वाटली ती बाब पत्नीची आहे. हक्क फक्त आपल्या नावे राखला, तर तो आपल्याबरोबरच संपेल आणि पत्नी मुलाच्या मर्जीवर राहतील. म्हणून ‘मी व माझी पत्नी, आणि आम्हां दोघांपैकी जो मागे राहील तो, तहहयात या घरात राहू’ अशा आशयाचे कलम घालून घ्यावे. कर, देखभाल खर्च आणि मोठ्या दुरुस्त्या कोणी करायच्या, हेही तिथेच लिहावे.

दुसरे कलम सांभाळाचे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. परंतु अशी अट घातलेली होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात एका आईला तिचे घर परत मिळाले, तेव्हा सांभाळाचा उल्लेख बक्षीसपत्रातच होता. आपल्या मसुद्यात हे वाक्य नसेल, तर कृपया सही करू नका.

वाद टाळणे एवढाच हेतू असेल, तर मी मृत्युपत्र सुचवेन. ते आपल्याला केव्हाही बदलता येते आणि तोवर घराची संपूर्ण मालकी आपल्याकडेच राहते.