देवनागरी अक्षरांच्या कामासाठी ड्रॉइंग टॅब्लेट घ्यावा की माउसवर भागेल?

तुम्ही लिहिलंय की उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्यांची अक्षरं करता, आजवर सगळं काम कोरलड्रॉमध्ये माउसनेच केलंय आणि हाताशी पाच हजार रुपये आहेत. मी गेली अकरा वर्षं पुण्यात पुस्तकांच्या मुखपृष्ठांची अक्षरं करतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. उत्तर आधीच देतो: बिनस्क्रीनचा लहान टॅब्लेट घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनने लिहायची पाटी, पण माउस टेबलावरून हलवू नका. अक्षराचं निम्मं काम माउसच करणार आहे.

आता कारण. काही अक्षरं हाताच्या ओघातून येतात. सुलेखनकार अच्युत पालवांचे फटकारे पाहिले असतील, तर त्यात मनगट आणि खांदा किती बोलतो हे वेगळं सांगायला नको. काही अक्षरं मात्र बांधावी लागतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाचा मुक्ता फॉन्ट घ्या. त्यातलं प्रत्येक वळण बिंदू आणि त्यांची हँडल्स (वळण ओढायचे दांडे) यांवर तोललेलं आहे. या वळणांना बेझिए कर्व्ह म्हणतात. पिएर बेझिए हे रेनो मोटार कंपनीतले इंजिनिअर होते आणि १९६० च्या दशकात गाड्यांचे पत्रे नीट वळवता यावेत म्हणून त्यांनी ही पद्धत वापरात आणली. आज आपण त्यातून ‘ळ’च्या दोन वाट्या काढतो! पहिल्या जातीच्या अक्षराला पेन लागतं, दुसऱ्याला माउस. तुमच्या पत्रिकेवरचं वधूवरांचं नाव पहिल्या जातीचं आहे, पाटीवरचं ‘किराणा व भुसार’ दुसऱ्या.

माउस मुळात ओघासाठी नाहीच. तो फक्त ‘इथून इतका सरकलो’ एवढंच सांगतो, आणि उचलून पुन्हा ठेवला की जागेचा हिशेब तुटतो. टॅब्लेटचा प्रत्येक ठिपका स्क्रीनवरच्या एका ठरलेल्या ठिपक्याशी बांधलेला असतो. हात वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला की कर्सरही तिथेच. म्हणून वेलांटी एका दमात काढता येते. माउसने तीच वेलांटी काढली की ती तीन तुकड्यांत जोडल्यासारखी दिसते, कारण ती खरंच तशी जोडलेली असते.

दुकानदार तुम्हाला खोक्यावरचा दाबाचा आकडा, म्हणजे पेनचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो ते, दाखवेल: २०४८, ४०९६, ८१९२. देवनागरीसाठी या आकड्यामागे धावू नका. दाबाने जाडी बदलते ती ब्रशची किंवा टोकदार निबची. आपल्या अक्षराची जाड-बारीक येते बोरूच्या चपट्या, तिरक्या कापलेल्या टोकातून, म्हणजे कोनातून. बोरू दाबला म्हणून काना जाड होत नाही. त्यामुळे आकड्यापेक्षा सॉफ्टवेअरमधला ब्रश महत्त्वाचा. इलस्ट्रेटरच्या कॅलिग्राफिक ब्रशला कोन आणि चपटेपणा ठरवून देता येतो. इंकस्केप फुकट आहे आणि त्याच्या कॅलिग्राफी टूलमध्ये कोन पक्का करायची सोय आहे. फक्त तिथला सुरुवातीचा कोन रोमन लिपीसाठी ठेवलेला असतो आणि देवनागरीच्या बोरूचा काप त्याच्या उलट. तो कोन दुसऱ्या बाजूला वळवा, दाबाने जाडी बदलणं बंद करा आणि मग ‘अ’ काढून पाहा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर माझी अक्षरं बेगडी का दिसतात ते कळत नव्हतं, आणि मी हाताला दोष देत राहिलो.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. बोरू बोटांत किंचित फिरवून शेवट निमुळता करतात, ती करामत साध्या टॅब्लेटवर होत नाही. पेन हातात कितीही फिरवा, स्क्रीनवरची निब आपल्याच कोनात राहते. तशा शेवटांसाठी मी अजूनही कागद, शाई आणि स्कॅनर हीच वाट धरतो. तुम्हीही पत्रिकेचं मुख्य नाव कागदावर लिहून स्कॅन केलंत तर त्यात काही कमीपणा नाही.

पेनने काढलेल्या अक्षराचा दुसरा त्रास पाटीच्या कामात दिसतो. ब्रशने ओढलेल्या एका कान्याचा आकार केला की त्याच्या कडेवर चाळीस-पन्नास नोड, म्हणजे वळणाचे बिंदू, येऊन बसतात. छापील पत्रिकेत ते खपून जातं. पण तीच फाइल व्हिनाइल कापायला किंवा अ‍ॅक्रिलिकच्या लेझर कटिंगला गेली की कड थरथरल्यासारखी येते. इथे माउस हवा. कोरलमध्ये एफ-१० दाबून शेप टूल घ्या, जादा नोड पुसा आणि वळणाच्या टोकांवर, म्हणजे सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जिथे वळण पोचतं, तिथे एकेक नोड ठेवा. चांगल्या ‘व’च्या वाटीला मूठभर नोड पुरतात. शिरोरेषा तर पेनने काढूच नका. ती सरळ आयत आहे, माउस आणि कीबोर्डने दोन सेकंदांत होते आणि सगळ्या अक्षरांना सारखी बसते.

आकार लहानच घ्या असं म्हणतो, कारण अक्षराचं काम मनगटाच्या टप्प्यात होतं. वॅकॉम कंपनीच्या ‘वन बाय वॅकॉम’ या लहान टॅब्लेटची कामाची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, पोस्टकार्डाएवढी धरा, आणि तुमच्या पैशांत तो बसायला हवा. ह्युइऑन आणि एक्सपी-पेन यांचेही त्याच किमतीच्या आसपासचे टॅब्लेट आहेत. पेन बिनबॅटरीचं आहे ना, एवढं मात्र पाहा. स्क्रीनवाल्या टॅब्लेटचा मोह या टप्प्यावर नको. तेवढे पैसे पुढे कधीतरी चांगल्या मॉनिटरला लावा.

घरी आणल्यावर पहिलं काम ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. टॅब्लेट आणि स्क्रीनची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात ठेवायची खूण तिथे असते. ती केली नाही तर हाताने गोल काढलेला अनुस्वार स्क्रीनवर लांबट येतो, आणि डोळ्याला ते पटकन कळतही नाही. विंडोजमध्ये पेन क्षणभर टेकवून ठेवलं की एक वर्तुळ फिरतं आणि राइट क्लिक होतो, तेही बंद करा, नाहीतर प्रत्येक रेघेची सुरुवात अडखळते.

आणि पहिले पंधरा दिवस गिऱ्हाइकाचं काम त्यावर करू नका. हात टेबलावर आणि नजर समोर, ही सवय लागेपर्यंत अक्षर वाईटच येतं. त्या दिवसांत मी हात पाहायचं सोडून देण्यासाठी रोज एक पान नुसत्या तिरक्या रेघा, मग नुसते काने, मग ‘ग’ आणि ‘म’ असं करत गेलो. तिसऱ्या आठवड्यात एकदा लक्षात आलं की अर्धा तास मी खाली पाहिलंच नव्हतं. तोपर्यंत पत्रिका माउसनेच देत राहा, मुदती चुकवू नका.

माउसने दिवसभर काम करून तुमचं मनगट दुखत असेल, तर साधी फाइल उघडणं, सरकवणं हेही पेनने करून पाहा. मला त्याने बराच आराम पडला. टॅब्लेटच्या खोक्यात जादा टोकं आहेत का तेही दुकानातच मोजून घ्या. खरखरीत पृष्ठभागावर ती झिजतात, आणि झिजलेल्या टोकाला धार आली की टॅब्लेटवर कायमचा ओरखडा पडतो.